स्मृतिभ्रंश असलेल्या पाच-सहा ज्येष्ठांसाठी वास-स्पर्शाचे गट-उपक्रम कसे घ्यावेत?

नागपुरात सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा सगळ्यांना बसवून, वासाच्या बाटल्या देऊन 'ओळखा पाहू' खेळावं का, असं तुम्ही विचारलंय. बाटल्या राहू द्या. अल्झायमरमध्ये वास ओळखणं बऱ्याचदा लवकरच मंदावतं. त्यात चारचौघांत नाव आठवलं नाही की माणूस ओशाळतो. हाताला काम द्या, वास आपोआप येतो.

मी सांबार निवडण्यापासून सुरुवात करेन (पुण्या-मुंबईकडच्यांनी कोथिंबीर वाचावं). माणशी अर्धी जुडी, धुऊन निथळलेली, दोरा आधीच सोडलेला. खाली पांढरं कापड. स्टीलच्या ताटात उजेड चमकतो आणि पानं नीट दिसत नाहीत. समोर बसून आधी तुम्ही दोन-तीन काड्या निवडा, सूचना कमी द्या. कोणी देठ ठेवून पानं टाकली तरी टोकू नका. मधूनच पान चुरगळून नाकाशी न्या आणि नाव तुम्हीच सांगा.

संत्र्याच्या दिवसांत माणशी एक संत्रं. वरच्या टोकाला साल थोडी उचकटून द्या, नाहीतर पहिली नखं लावण्यातच लोक थकतात. सालीचं तेल डोळ्यात उडतं, तेव्हा चष्मा असू द्या. फोडी देताना बिया काढाच. गिळायला त्रास असलेल्यांना मात्र फोड नकोच: चावताना रस आधी सुटून घशात जातो, चोथा तोंडातच राहतो आणि ठसका लागतो. त्यांना साल हुंगायला पुरे. तुरीच्या शेंगा सोलणं छान, पण वस्तू तोंडात घालण्याची सवय असेल तर टाळा. डांबराच्या गोळ्या वासासाठीसुद्धा आणू नका; त्या पेपरमिंटसारख्या दिसतात आणि विषारी असतात. अत्तर एकदा लागलं की तासभर जात नाही, त्यापेक्षा वाळ्याची ओली जुडी बरी.

वेळ सकाळची, अर्धा-पाऊण तास. संध्याकाळी अनेकांची बेचैनी वाढते. मे महिन्यात आठलाच बसा. कूलर बंद करायचा नाही, पण त्याच्याजवळ कोणाला बसवू नका. त्या घरघरीत श्रवणयंत्रवाल्याला तुमचं बोलणं कळत नाही. भजन लावायचंच तर काम संपल्यावर, टाळ सोडून नुसत्या टाळ्यांवर.

कोणी सारखं उठू लागलं, हात मागे घेतला, तर थांबवू नका. एक जण त्यांच्यासोबत फेरी मारायला मोकळा हवा, म्हणून सहा जणांमागे मदतीला किमान दोघं ठेवा.