थांबलेल्या मालिकांचे पुनरागमन

प्रश्न : अनेक वर्षे बंद असलेल्या व्हिडिओ गेम मालिकांपैकी कोणती पुन्हा सुरू व्हावी, आणि निव्वळ जुन्या आठवणींपोटी अशी मागणी करणे योग्य आहे का?

उत्तर : निव्वळ आठवणींचाच प्रश्न असेल, तर जुना गेम पुन्हा खेळावा, ते अधिक सोपे आहे. नवा भाग हवा तो ज्या मालिकेतील कल्पनेत अजून दम आहे तिचा, आणि या कसोटीवर मी निन्टेन्डो कंपनीच्या ‘एफ-झिरो’ या वाहनशर्यतींच्या मालिकेचे नाव सर्वांत आधी घेईन. १९९० साली सुरू झालेल्या या मालिकेतील ‘एफ-झिरो जीएक्स’ (२००३) या भागात ३० वाहने एकाच वेळी धावतात आणि दुसऱ्या फेरीपासून वेग वाढवता येतो. मात्र त्यासाठी खर्च होणारी ऊर्जाच धडकांपासून वाहनाला वाचवत असल्यामुळे, ऊर्जेची पट्टी रिकामी होत आलेली असताना शेवटच्या वळणावर बटण दाबायचे की नाही, हे क्षणार्धात ठरवावे लागते. २०२३ मधील ‘एफ-झिरो ९९’ मजेदार आहे खरा, पण त्याचा सांगाडा पहिल्याच भागाचा आहे.

दुसरे नाव ‘स्प्लिंटर सेल’ या लपतछपत खेळायच्या हेरगिरीच्या मालिकेचे. ‘केऑस थिअरी’ (२००५) या भागात आपल्या हालचालीचा आवाज आणि भोवतालचा आवाज एकाच पट्टीवर दिसत असे, त्यामुळे गोंगाटाच्या आडोशाने पहारेकऱ्याच्या मागे जाता येई. पहिल्या भागाची नवी आवृत्ती युबिसॉफ्ट या कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केली; तिच्यात ही पट्टी असावी, एवढाच माझा हट्ट आहे.