'शक्ती-तुरा': शक्तीशेजारी शिव का नाही?

दोन बाजूंच्या शाहिरांनी समोरासमोर गाऊन सवाल-जवाब करायचे, तो खेळ म्हणजे शक्ती-तुरा. त्याबद्दल गुहागरच्या एका वाचकाने विचारलं आहे: "घाटावर कलगी-तुरा म्हणतात, आमच्याकडे शक्ती-तुरा. कलगी मुसलमानी, म्हणून कोकणाने ती काढून देवीचं नाव घातलं, असं आमच्या नाचमंडळात काही जण सांगतात. खरं का? आणि शक्तीशेजारी शिव हवा, तिथे तुरा कसा?"

पहिल्या शंकेचं उत्तर 'तुरा' हाच शब्द देतो. मूळ अरबी 'तुर्रा', फारसीच्या वाटेने मराठीत आलेला, पागोट्यावरचा झुबका. 'वर तुर्रा असा की' म्हणताना आपण अजून ते मूळ रूपच बोलतो. कलगी, म्हणजे पागोट्यावर खोवायचा पिसांचा दागिना, हीही त्याच दरबारी पोशाखातली. शब्द परका म्हणून काढायचा असता तर दोन्ही काढावे लागले असते.

आता ही जोडी जमली कशी? परंपरा सांगते की तुकनगीर नावाचे गोसावी आणि शाहअली नावाचे फकीर चंदेरीच्या राजासमोर गायला बसले. दोघांतलं कुणीच हटेना. राजाने खूश होऊन आपल्या शिरावरचा तुरा तुकनगीरांना दिला, कलगी शाहअलींना. राजस्थानात चित्तोडकडे 'तुर्रा-कलंगी'चे खेळ होतात, तिथेही हीच दोन नावं घेतात. कथा आख्यायिकेच्या रूपात आली आहे हे खरं. पण तिच्यात कोण कुठल्या बाजूला आहे ते पाहा. तुकनगीर शिवाचे, आणि आदिशक्तीची बाजू घेऊन गाणारे शाहअली! गाणाऱ्यांनीच ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, हे मला फार मोलाचं वाटतं.

वादाचा विषय मोठा आहे. तुरेवाले म्हणतात ब्रह्म आधी, पुरुष श्रेष्ठ. शक्तीवाले म्हणतात मायेशिवाय तुमचं ब्रह्म हलेल तरी का? भाद्रपदात बारी, म्हणजे हा सामना, रंगते तेव्हा नाचे गोल धरतात, शाहीर आणि ढोलकीवाला मधे. गण होतो, गवळण होते आणि मग सवाल सुटतो. शक्तीवाल्यांचं जुनं हत्यार म्हणजे 'शिव'ची वेलांटी काढा, काय उरतं? शव! तुरेवाल्याने याचा जबाब गाऊनच द्यायचा, तोही पुराणातला आधार काढून. अशा कूट कवनांना शाहिरीत 'भेदिक' म्हणतात. इथला 'भेद' फूट पाडणारा नव्हे, 'भेद उकलला' मधला, म्हणजे मर्म. रात्रभर देवीला दुय्यम ठरवणाऱ्या त्या तुरेवाल्याच्या घरीही त्याच आठवड्यात गौर बसलेली असते, आणि सुरुवातीचा गण दोन्ही बाजू एकाच गणपतीला घालतात.

दुसरी शंका मला जास्त आवडली. माझा अंदाज असा की कोकणात एका बाजूला दैवताच्या नावाने ओळखू लागले आणि दुसरी खुणेच्याच नावावर राहिली. कलगीचं दैवत शक्ती आधीपासूनच होतं, त्यामुळे कुणाचं काही हिरावलं गेलं नाही. तुऱ्याच्या जागी शिव मात्र बसला नसता. 'शिव-शक्ती' म्हटलं की ते एकाच दैवताचं नाव होतं. ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'च्या पहिल्याच प्रकरणात त्या दोघांचं एकपण सांगितलंय: दोन दिवे, उजेड एकच. तिथे सामना उरतच नाही. 'शक्ती-तुरा' म्हटलं की समोरासमोर दोन शाहीर उभे राहतात.

तेव्हा फलकावर 'शक्ती-तुरा'च लिहा, कोकणात तेच रूढ आहे. घाटावरचा पाहुणा 'कलगी' म्हणाला तर त्याला दुरुस्त करू नका, त्याचंही बरोबर आहे. धर्मामुळे नाव बदललं ही गोष्ट मात्र मंडळातल्या पोरांना सांगू नका. त्यांना तुकनगीर आणि शाहअली ही दोन्ही नावं सांगा.