मिनेसोटातील आपला पहिला हॉकीचा मार्च महिना

आपले मूल यंदा हायस्कूलच्या हॉकी संघात नसले, तरी मार्चच्या सुरुवातीला अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या राजधानीत, सेंट पॉल येथे होणाऱ्या मुलग्यांच्या राज्यस्तरीय आइस हॉकी स्पर्धेला आपण अवश्य जावे, असे मी मनापासून सुचवतो. 1945 पासून चालत आलेली ही स्पर्धा येथील गावांसाठी जत्रेसारखीच असते. जी मुले पहाटेच्या सरावांतून एकत्र वाढली, त्यांनाच गावाचे नाव छातीवर घेऊन उतरलेले पाहण्यासाठी आजी-आजोबांपासून जुन्या खेळाडूंपर्यंत सारे येतात.

मुलींची स्पर्धा फेब्रुवारीत असते. तीही चुकवू नये.

सामन्यापूर्वी खेळाडूंची एकेक करून ओळख करून दिली जाते, तेव्हा कृपया जागेवर असावे. मुलांनी मुद्दाम वाढवलेले लांब केस हा येथील लाडका रिवाज आहे. विद्यार्थी एकाच रंगाच्या पोशाखात घोषणा देत उभे राहतात, त्यामुळे शांतपणे पाहायचे असल्यास त्यांच्यापासून दूरचे आसन घ्यावे. सतरा मिनिटांचे तीन डाव असले, तरी बरोबरी झाल्यास निर्णायक गोल होईपर्यंत खेळ चालतो. 1996 मध्ये अ‍ॅपल व्हॅली आणि डलुथ ईस्ट या शाळांचा उपांत्य सामना पाच जादा डावांनंतर मध्यरात्र उलटून गेल्यावर संपला होता, म्हणून परतण्याची घाई ठेवू नये.

आणि पराभूत संघ बर्फावरून जाईपर्यंत टाळ्या वाजवत राहावे, कारण ती मुले अवघी सतरा-अठरा वर्षांची असतात.