विंडोज ११ टाकल्यावर नेट चालतं, पण घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचं शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही. काय करू?

नेट चालतंय ना? मग राउटर ठीक आहे, केबलवाल्याला फोन करू नका. भुसावळला आमच्याकडे हेच झालं होतं. खाली दुकानाचा जुना कॉम्प्युटर, वर घरचा. वरचा अपग्रेड केला आणि उधारीचं फोल्डर उघडेना.

आधी सेटिंग्जमध्ये आपल्या वायफायचे गुणधर्म बघा. अपग्रेडनंतर तिथे 'पब्लिक' झालेलं असू शकतं. मग कॉम्प्युटर घरच्यांनाही परकं समजतो. 'प्रायव्हेट' करा, फाइल शेअरिंग चालू करा.

तरी उघडेना तर गोम पासवर्डात आहे. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत बिनपासवर्डचं, म्हणजे गेस्ट म्हणून शिरणं मुळातच बंद ठेवलंय. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, खाडाखोड करून ते परत चालू करा, असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. फोल्डर ज्या कॉम्प्युटरवर आहे, तिथे पासवर्डचं वेगळं खातं काढा, फोल्डरवर त्याला परवानगी द्या आणि दुसरीकडून तेच नाव-पासवर्ड टाका. पिन इथे चालत नाही. आमचे काका अर्धा तास पिनच दाबत बसले होते.