निर्गुडीचा पाला बांधून गुडघेदुखी खरंच कमी होते का? हे प्रयोगशाळेत तपासता येतं का?

तुम्ही लिहिलंय की आजी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधतात आणि घरात त्यावरून वाद आहेत. उंदरांवर निर्गुडी बऱ्याचदा तपासून झालीय आणि सूज, वेदना कमी झाल्याचे निकालही आलेत. पण आजी जे करतात ते त्या प्रयोगांत सहसा तपासलेलंच नसतं.

मी पुण्यात फार्मसीच्या मुलांना फार्माकॉलॉजी शिकवते. गावाकडचं एखादं झाड घेऊन ‘मॅडम, यावर प्रोजेक्ट करू का’ म्हणणारं कुणीतरी असतंच. आधी झाडाची ओळख पटवायची: फुलासकट फांदी दाबून वाळवायची आणि कोरेगाव पार्कातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रातून किंवा आघारकर संस्थेतून नावाची खात्री करून घ्यायची. निर्गुडी ओळखायला सोपी आहे. एका देठाला पाच, कधी तीन पानं, मागची बाजू पांढुरकी, चुरगळलं की उग्र वास. मग सावलीत वाळवून पूड, तिचा अल्कोहोलमधला अर्क, आणि प्राण्यांसाठी नैतिकता समितीची मंजुरी.

सुजेसाठी 1962 पासून चालत आलेली पद्धत म्हणजे कॅराजिनन. हे समुद्री शेवाळातून मिळतं, आइस्क्रीम दाट करायलाही वापरतात. त्याचं 1 टक्का द्रावण, 0.1 मिली, उंदराच्या मागच्या तळपायात टोचायचं. पाय फुगतो. तो पायावरच्या खुणेपर्यंत द्रव भरलेल्या नळीत बुडवायचा आणि पातळी किती चढली ते दर तासाला टिपायचं. सूज आणणारी रसायनं शरीरच सोडतं: पहिल्या तासा-दोन तासांत हिस्टामिन आणि सिरोटोनिनचा हात मोठा, तिसऱ्या तासापासून प्रोस्टाग्लँडिनचा. इंडोमेथॅसिनसारखी सूज उतरवणारी औषधं हा दुसरा टप्पा दाबतात, म्हणून पहिल्या तासापेक्षा आमचं लक्ष तिसऱ्या तासाच्या आकड्यावर जास्त.

वेदनेसाठी छोट्या उंदरांच्या पोटात पातळ ॲसेटिक ॲसिड टोचतात आणि ते किती वेळा अंग पिळतात ते मोजतात. (बघवत नाही, खरं सांगते.) ही चाचणी फसवीही आहे. अर्काने उंदराला नुसती गुंगी आली तरी पिळणं कमी होतं आणि झाड ‘वेदनाशामक’ ठरतं. म्हणून सोबत 55 अंशांच्या गरम तव्याची चाचणी करतात, पाय चाटायला किंवा उडी मारायला किती सेकंद लागतात ती. तिथे मॉर्फिनच्या जातीचा परिणाम चांगला पकडला जातो.

आता गोची. उंदराला अर्क तोंडावाटे देतात, समजा किलोमागे 400 मिलिग्रॅम. नेहमीच्या हिशोबाने (नुसत्या वजनावर नाही, शरीराच्या पृष्ठभागावर) 60 किलोच्या माणसाला ते साधारण 4 ग्रॅम अर्क होतं, आणि तेवढा अर्क काढायला सुका पाला त्याच्या कितीतरी पट लागतो. आजी तर काहीच पोटात घेत नाहीत. शिवाय उंदराची सूज काही तासांची, आजींचा गुडघा वर्षानुवर्षं झिजलेला.

आजींची पद्धत तपासायची तर माणसंच हवीत. निम्म्यांना गरम निर्गुडी, निम्म्यांना तितकंच गरम केलेलं दुसरं कुठलं तरी पान, कारण नुसत्या शेकानेही बरं वाटतं. पण निर्गुडीचा वास लपवायचा कसा? कुणाला काय बांधलंय हे पेशंटला पहिल्या मिनिटात कळणार.

तोवर आजींना बांधू द्या. मधुमेहाने पाय बधिर असतील तर पाला आधी तुमच्या मनगटाला लावून बघा, भाजलेलं त्यांना कळणार नाही. गुडघा लाल होऊन ताप आला तर थेट डॉक्टर. आणि ‘एका रात्रीत आराम’ देणारी बिनलेबलची पुडी कुणी आणून दिली तर ती मात्र अजिबात घेऊ देऊ नका. असल्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मिसळलेलं सापडलेलं आहे.