दुसरा अर्ज भरला म्हणजे विश्वास कमी पडला का?

प्रश्न: वैद्यकीय प्रवेश परीक्षेत दोनदा थोडक्यात हुकले. आता तिसऱ्यांदा बसतेय. आई म्हणते, जीवशास्त्राच्या पदवीसाठीही अर्ज करून ठेव. प्रार्थनागटातल्या एक ताई म्हणतात, दुसरा अर्ज भरलास तर प्रभूवर तुझा पूर्ण भरवसा नाही असं होईल. अभ्यासाला बसलं की हेच डोक्यात फिरतं. काय करू?

उत्तर:

प्रिय विद्यार्थिनीस, सप्रेम जय ख्रिस्त.

दुसरा अर्ज भर. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याची मुदत तुझं मन तयार होईपर्यंत थांबणार नाही.

ताईंचं तुझ्यावर प्रेम आहे यात शंका नाही, पण त्यांचं हे म्हणणं मला पटत नाही. निकाल प्रभूच्या हाती सोपवणं वेगळं आणि आपल्या वाट्याचं काम त्याच्यावर टाकून मोकळं होणं वेगळं. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय आज रात्री वाच. नहेम्या हा पारसाच्या राजाच्या दरबारात चाकरी करणारा यहुदी. यरुशलेमेचा तट पडलाय हे कळल्यावर तो रडला, उपास केला, यहुदी पंचांगातल्या किसलेव महिन्यापासून नीसानपर्यंत, म्हणजे चारेक महिने, प्रार्थना करत राहिला. मग राजाने विचारलं, तुला काय हवं? त्या क्षणीही त्याने आधी मनात देवाला हाक मारली आणि मग मागणं मांडलं. ते मागणं किती तपशीलवार आहे बघ: परत कधी येणार याची मुदत, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रं, राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्याकडून लाकूड. प्रार्थनेच्या त्या महिन्यांत त्याने या सगळ्याचा विचार केला असणार, असंच मला वाटतं. पुढे शत्रू चालून येणार असं दिसताच लोकांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला (४:९). पहारा बसवला म्हणून त्यांच्या विश्वासाला कोणी नावं ठेवली नाहीत. तट ५२ दिवसांत उभा राहिला, तेव्हा हे काम आपल्या देवाकडून झालं, असंच नहेम्याने लिहून ठेवलं.

उलट, मी दुसरी वाट ठेवतच नाही, आता तू मला पास करच, असं म्हणणं मला धोक्याचं वाटतं. मंदिराच्या शिरावरून उडी टाक, दूत तुला झेलतील, असं सैतानाने सुचवलं, तेव्हा येशूने त्याला नकार दिला आणि देवाची परीक्षा पाहू नये हे शास्त्रवचन ऐकवलं.

आता तुझ्या पत्रात न लिहिलेली, पण ओळींमागे मला दिसलेली गोष्ट. दोनदा हुकले म्हणजे आपली प्रार्थना कमी पडली, किंवा देव आपल्यावर नाराज आहे, असं तुला आत कुठेतरी वाटतंय का? तसं असेल तर नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा ११ वा अध्याय सावकाश वाच. ३४ व्या वचनात विश्वासाने तरवारीच्या धारेपासून वाचलेले आहेत आणि तीनच वचनांनंतर, ३७ व्यात, तरवारीने मारले गेलेले आहेत. दोघांचे शेवट इतके वेगळे, तरी ३९ व्या वचनात विश्वासाबद्दलची साक्ष दोघांनाही एकच मिळाली आहे. गुणपत्रिकेत तुझे विषय मोजले जातात, विश्वास नाही.

म्हणून तिच्याकडे विषयांच्याच नजरेने बघ. दोन्ही गुणपत्रिका शेजारी ठेव. दोन्ही वेळा त्याच विषयात गुण गेले असतील, तर तिसऱ्यांदा तीच पद्धत चालवू नकोस. त्या विषयाच्या जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडव आणि चुका जाणकाराकडून तपासून घे. चौथ्यांदा बसायचं की नाही, हे निकालाच्या आधीच आईवडिलांशी बोलून ठरव. निकालाच्या दिवशी आनंदात असो वा रडू आलेलं असो, हा निर्णय नीट होत नाही. पदवीसाठी अर्ज करतेस तिथल्या प्राध्यापकांना भेटून, पुढे प्रयोगशाळा, संशोधन, अध्यापन यांपैकी काय खुलं आहे ते विचारून घे. ही वाट धरावी लागलीच, तर नाइलाज म्हणून नको, माहिती घेऊन धर. प्रेषित पौलाला सुवार्ता सांगायला बिथुनिया प्रांतात जायचं होतं. पवित्र आत्म्याने ती वाट बंद केली आणि तो मासेदोनियात पोहोचला. बिथुनियाकडे निघण्यात त्याचं काही चुकलं होतं, असं बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगत नाही.

ताईंना हे पत्र खुशाल दाखव. आणि परीक्षेच्या दिवशी माझ्यासाठी प्रार्थना करा, असंही त्यांना सांग. ती प्रार्थना तुला हवीच आहे.