वाचकांचे प्रश्न : रोटरी इंजिनाला टर्बो जोडावा का?

प्रश्न : माझ्याकडे २००४ सालची माझदा आरएक्स-८ असून तिचे मूळ इंजिन ९० हजार किलोमीटर चालले आहे. वरच्या आरपीएमला गाडी उत्तम पळते. खालची ओढ मात्र आधीच कमी होती, ती अलीकडे आणखी मंदावली आहे. एका मेकॅनिकच्या मते तयार किट आणून, इंजिन न उघडता, ०.७ बार बूस्टचा (हवेच्या जादा दाबाचा) टर्बो बसवता येईल. हा सल्ला मानावा का? — एक वाचक

उत्तर : टर्बो बसवता येईल, परंतु ९० हजार किलोमीटर चाललेल्या मूळ इंजिनावर ०.७ बार दाब देण्याचा सल्ला आपण मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या गाडीत आहे तसे रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारे इंजिन, आणि टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, यांचे मुळात वैर नाही. माझदानेच १९८२ मध्ये कॉस्मो गाडीत टर्बो रोटरी इंजिन दिले आणि पुढे आरएक्स-७च्या तिसऱ्या पिढीला दोन टर्बो बसवले. आपल्या इंजिनाची क्षमता कागदोपत्री १३०८ सीसी असली, तरी शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरमागे एक ज्वलन होत असल्यामुळे ते हवा ओढते २.६ लिटरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाइतकी, आणि त्याचा धूरही भरपूर व अतिशय तप्त असतो. म्हणूनच टर्बाइन (टर्बोचे धुराने फिरणारे चाक) सहज फिरते आणि म्हणूनच किटमधला वेस्टगेट (जादा धूर टर्बाइनला वळसा देऊन सोडणारी झडप) लहान असला, तर जादा धुराला वाट न मिळून बूस्ट ठरवलेल्या मर्यादेपलीकडे आपोआप चढत जातो.

अडचण आहे ती आपल्या विशिष्ट इंजिनाची. आरएक्स-७च्या टर्बो इंजिनाचे कॉम्प्रेशन (हवा-इंधन मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ९:१ होते, तर आपले इंजिन टर्बोशिवाय चालण्यासाठी १०:१ ठेवून बनवले आहे. शिवाय त्यात एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर पडण्याची तोंडे) हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, परिघावर नसून बाजूच्या प्लेटमध्ये आहेत आणि मधल्या प्लेटमधला पोर्ट दोन्ही रोटरना सामायिक आहे. टर्बाइनमुळे मागचा दाब वाढला, की ही मधली प्लेट आणखी तापते. माझदाने या इंजिनाची टर्बो आवृत्ती कधी विक्रीला आणली नाही, हेही लक्षात घ्यावे.

रोटरच्या तीन टोकांवर बसणारी ॲपेक्स सील, म्हणजे कक्षांमधली गळती रोखणारी पट्टी, अवघी २ मिलिमीटर जाडीची असते. पिस्टन इंजिन हलके नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी भडका, काही काळ सोसून घेते. येथे बूस्टखाली एकदाच असा जोरदार भडका (डिटोनेशन) झाला, तरी सील तडकू शकते, आणि तिचा तुकडा हाउसिंगला ओरखडे पाडून बाहेर पडतो तो थेट टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो. नव्या टर्बोचीही त्याच क्षणी वाट लागते.

त्यामुळे किट मागवण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे, आणि तेही रोटरीसाठीच्या खास टेस्टरने. साधा गेज रोटरभोवतीच्या तीन कक्षांपैकी सर्वाधिक दाब तेवढा धरून ठेवतो. एखादा कक्ष दुबळा असला, तरी काटा समाधानकारक आकडा दाखवतो. इंधनपुरवठा व इग्निशन बंद करून, एका रोटरचा एक प्लग काढून स्टार्टर फिरवला, तर कानांनाही बरेच कळते : फुस्, फुस्, फुस् असे तीन सारखे फुत्कार यावेत. दर तिसरा फुत्कार दबका येत असेल, तर तेथली सील गेली आहे असे समजावे. २५० आरपीएमला प्रत्येक कक्षात किमान ६८० किलोपास्कल दाब हवा. आकडा जेमतेम तेथे पोहोचत असेल, तर टर्बोचे पैसे इंजिन नव्याने बांधण्यासाठी राखून ठेवावेत.

तपासणीत इंजिन ठणठणीत निघालेच, तर बूस्ट ०.४ बारच्या आत ठेवावा, मोठे इंजेक्टर व इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) बसवावेत आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) नव्याने ट्यून करून, वाइडबँड सेन्सरवर (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) पाहत, बूस्टखाली हवा-इंधन प्रमाण ११:१च्या आसपास राखावे. ट्रेलिंग प्लगची (प्रत्येक रोटरच्या दोन प्लगपैकी नंतर पेटणाऱ्या) ठिणगीही बूस्टखाली अधिक उशिरा पडेल असे पाहावे. या इंजिनाची बरीच उष्णता तेलच वाहून नेते, तेव्हा ऑइल कूलर सक्षम नसेल, तर बाकीची सारी तयारी व्यर्थ होय. किट विकणारे नेमके याच खर्चाबद्दल मौन पाळतात.

आता आपल्या मूळ तक्रारीविषयी. या इंजिनाचा कमाल टॉर्कच (फिरवण्याचा जोर) मुळी ५५०० आरपीएमच्या सुमारास मिळतो, आणि या इंजिनाला साजेसा मोठा टर्बो खालच्या आरपीएमला फारसा बूस्ट देत नाही. ओढ ‘अलीकडे’ मंदावली असे आपण लिहिले आहे. या गाडीच्या इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) कमकुवत होण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. चारही कॉइल, वायर आणि प्लग आधी बदलून पाहावेत, आणि त्यानंतर गाडी कशी ओढते ते आम्हाला अवश्य कळवावे.